चर्मकलेचा छंद: ठसेकाम आणि रंगकाम करताना तब्येत कशी सांभाळावी?

चामड्याचे पाकीट, कमरपट्टा, वहीचे कव्हर, घड्याळाचा पट्टा अशा वस्तू घरी बनवणे, त्यांवर ठशांनी नक्षी उठवणे आणि हाताने रंग देणे याला चर्मकला किंवा लेदरक्राफ्ट म्हणतात. तुम्ही हा छंद नुकताच सुरू केला असेल, किंवा घरात कोणी निवृत्तीनंतर यात रमले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. छंद चांगलाच आहे. मात्र त्यातला धोका बहुतेकांना वाटतो तिथे नसतो. लोक धारदार रापीला घाबरतात. प्रत्यक्षात जास्त काळजी करावी अशी गोष्ट म्हणजे रंगाच्या आणि सोल्यूशनच्या बाटल्या, आणि त्या आपण कोणत्या खोलीत उघडतो हे.

या छंदाचा उपयोग काय?

हाताला आणि डोक्याला एकाच वेळी काम देणारे छंद फार नाहीत. चामडे मोजून कापणे, ओळीत भोके पाडणे, दोन सुयांनी शिवणे यात बोटांची बारीक हालचाल, नजर आणि क्रम लक्षात ठेवणे हे सगळे एकत्र येते. महायुद्धांनंतर जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात चामड्याचे काम वापरले जात असे. आजही ‘ॲलन कॉग्निटिव्ह लेव्हल स्क्रीन’ नावाच्या चाचणीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट रुग्णाला चामड्याच्या तुकड्यावर वादीने टाके घालायला देतात. सोपा टाका, मग त्याहून अवघड, मग आणखी अवघड. माणूस सूचना कशी समजून घेतो आणि चूक कशी दुरुस्त करतो हे त्यातून दिसते.

पक्षाघातानंतर हात सुधारत असेल तर आधी वादी ओवणे आणि शिवण घ्या. कापकाम घरच्या दुसऱ्या कोणी करावे. बोटांना स्पर्श नीट कळत नसेल, तर सुरी हातात घेण्याआधी तुमच्या थेरपिस्टला विचारा.

चामडे कोणते घ्यावे?

ठसेकामासाठी वनस्पतीच्या सालींनी कमावलेले चामडे लागते. आपली कोल्हापुरी चप्पल याच जातीच्या चामड्याची. ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. असे चामडे पाणी पिते, मऊ होते, आणि ओले असताना उठवलेला ठसा वाळल्यावर धरून ठेवते. बाजारातले बहुतांश चामडे मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. त्याची कापलेली कड बरेचदा निळसर-करडी दिसते आणि त्यावर ठसा नीट बसत नाही.

डॉक्टर म्हणून मला यात रस आहे तो क्रोमियमच्या ॲलर्जीमुळे. सिमेंटच्या कामाने हाताला इसब होणाऱ्यांपैकी अनेकांना हीच ॲलर्जी असते. तशी ॲलर्जी असलेल्यांनी साल-कमाईचेच चामडे मागून घ्यावे. काही हौशी लोक चामडे ओळखण्यासाठी त्याचा तुकडा जाळून राखेचा रंग बघतात. हे करू नका. क्रोमियमचे चामडे जाळल्यावर त्याची जास्त घातक जात तयार होऊ शकते. पाण्याचा एक थेंब टाकून तो झिरपतो का, आणि चामडे तिथे गडद होते का, एवढे पाहिले तरी अंदाज येतो.

ठसेकाम: हात, कोपर आणि कान

चामडे ओल्या स्पंजने दमट करतात आणि त्याचा मूळ रंग परत येऊ लागला की काम सुरू करतात. ही वाट पाहणे तब्येतीच्या दृष्टीनेही महत्त्वाचे. चामडे फार कोरडे असेल तर ठसा उठत नाही, मग आपण जोर वाढवतो, आणि तो जोर कोपराला लागतो. लोखंडी हातोडी वापरू नका. लाकडी, प्लास्टिकची किंवा कच्च्या चामड्याची मोगरी घ्या. ती ठसा बिघडवत नाही आणि हाताला झटकाही कमी देते.

नक्षीच्या रेषा कापायची फिरती सुरी तर्जनीने वरून दाबून धरावी लागते. तासन्‌तास हे केल्यावर बोट वाकून अडकणे, सकाळी टक्‌ आवाज होऊन सुटणे, किंवा रात्री अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येणे असे त्रास सुरू होतात. मधुमेहात हे दोन्ही जास्त दिसते, आणि थायरॉइड कमी असेल तर मनगटातली नस दबण्याचा त्रास जास्त होतो. वीस मिनिटे काम, मग पाच मिनिटे हात मोकळा, ही सवय सुरुवातीपासून लावा. वेदनाशामक गोळी घेऊन काम रेटू नका.

ग्रॅनाइटच्या लादीवर मोगरी पडली की होणारा आवाज छोट्या खोलीत कानाला लागतो. लादीखाली जाड रबराची चटई घाला, कानात बोळे वापरा. शेजारीही दुवा देतील. काम संपल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज राहत असेल तर कानाची तपासणी करून घ्या.

चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसते हे तर ठरलेलेच. अनेक जण चष्मा टाळून चामड्यावर वाकून काम करतात आणि मानदुखी घेऊन येतात. आधी चष्मा, मग मानेचे व्यायाम.

रंग आणि सोल्यूशन: इथे नीट वाचा

चामड्याचे रंग साधारण दोन प्रकारचे, पाण्यात बनवलेले आणि स्पिरिटमध्ये बनवलेले. स्पिरिटचा रंग झटकन खोल शिरतो म्हणून तो अनेकांना आवडतो. पाण्याचा रंग जरा सावकाश चढतो, दोन-तीन पातळ हात द्यावे लागतात. घरी काम करणाऱ्याने पाण्याचाच रंग वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे. छंदात घाई कसली?

स्पिरिट, थिनर आणि रबर सोल्यूशन यांतून उडणारी वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचते. आपण जमिनीवर बसून काम करतो, शेजारी मूल रांगत असते, मांजर पडलेले असते. म्हणजे सगळ्यांची नाके नेमकी त्याच थरात. एसी लावलेल्या बंद खोलीत तर तीच हवा फिरत राहते, कारण घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. शिवाय ही वाफ पेट घेते. देवघरातली समई, उदबत्ती, स्वयंपाकघरातला गॅस, सिगारेट यांपैकी काहीही जवळ नको. टेबलावर काम करा, समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा आणि पंख्याने हवा बाहेर जाईल असे बघा. फवाऱ्याने रंग मारणे घरात करूच नका.

मास्कबद्दल मोठा गैरसमज आहे. कोविडच्या काळात घेतलेला एन-95 मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. चामड्याची कड घासताना तो जरूर लावा, कारण चामड्याची धूळ वर्षानुवर्षे नाकात गेल्यास नाकाच्या पोकळीचा कर्करोग होऊ शकतो हे पादत्राणांच्या कारखान्यांतील कामगारांमध्ये सिद्ध झाले आहे. छंदाला एवढी धूळ होत नाही, तरी कड किंचित ओली करून घासली तर ती उडतच नाही. पण सोल्यूशनच्या वासासाठी या मास्कवर भिसंबू नका.

काही सोल्यूशनांमध्ये एन-हेक्झेन नावाचा द्रव असतो. तो नसांना इजा करतो. 1960च्या दशकात जपानच्या मिकावा भागात घरी बसून व्हिनाइलच्या सँडल चिकटवणाऱ्या अनेकांना हाता-पायात बधिरपणा आणि अशक्तपणा आला, तो यामुळेच. कारखान्यात नव्हे, राहत्या घरात, हे लक्षात घ्या. इस्तंबूलमध्ये बेंझीन असलेला गोंद वापरणाऱ्या चर्मकारांमध्ये रक्ताचा कर्करोग आढळला होता. ते लोक दिवसभर, वर्षानुवर्षे हेच काम करत. रविवारी दोन तास पाकीट शिवणाऱ्याला तेवढा धोका नाही. पण रोज चार तास बंद खोलीत चिकटवण्याचे काम करून वस्तू विकायला लागलात, तर तुमचा छंद व्यवसायाच्या जवळ पोचला आहे. पाण्यात बनवलेला गोंद मिळतो. तो वापरा.

आता यातली खरी अडचण. मधुमेही माणूस तळपायाला मुंग्या येतात म्हणून दवाखान्यात येतो. साखर जरा वाढलेली असतेच. सगळे त्या साखरेच्या खात्यावर जाते. ‘काम काय करता?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘निवृत्त आहे.’ छंदाचा विषय निघतच नाही. एन-हेक्झेनचा त्रास मात्र संपर्क थांबवल्यावरही काही आठवडे वाढत राहू शकतो आणि मग हळूहळू कमी होतो. म्हणून तो लवकर ओळखणे गरजेचे. डॉक्टरांनी विचारले नाही तरी तुम्ही सांगा: ‘मी घरी चामड्याचे काम करतो, हे सोल्यूशन वापरतो.’

गर्भवती महिलांनी स्पिरिट, थिनर आणि वासाचे सोल्यूशन यांपासून पूर्ण दूर राहावे. शिवण आणि ठसेकाम करायला हरकत नाही. दम्याच्या रुग्णांनीही हाच नियम पाळावा. पावसाळ्यात बुरशी आलेले चामडे त्यांनी स्वतः झटकू नये.

काळा रंग, पांढरी पावडर आणि लहान मुले

सालीने कमावलेल्या चामड्याला काळे करायची जुनी युक्ती म्हणजे लोखंड. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस भिजवून ते पाणी लावतात आणि चामड्यातल्या टॅनिनशी संयोग होऊन ते काळे पडते. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई अशीच बने. या बरणीचे झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. हिराकस म्हणजे रक्तवाढीच्या अनेक गोळ्यांमध्ये असतो तोच लोहाचा क्षार. लहान मुलाच्या पोटात जास्त गेला तर जिवावर बेतू शकते.

रंग सारखा बसावा म्हणून काही जण चामडे ऑक्झॅलिक ॲसिडने धुतात. ही पावडर साखरेसारखी दिसते आणि पोटात गेल्यास मूत्रपिंड निकामी करू शकते. घरात ती हवीच कशाला? पाण्यात लिंबाचा रस घालून पुसले तरी छंदाच्या कामाला पुरते.

सर्वांत वाईट सवय म्हणजे थिनर किंवा स्पिरिट पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणे. कोणी ते प्यायले तर उलटी करवू नका, मीठ-पाणी किंवा दूध पाजू नका. उलटीबरोबर थिनर फुफ्फुसात जाते आणि तिथे गंभीर इजा करते. 108 ला फोन करा किंवा थेट मोठे रुग्णालय गाठा, बाटली बरोबर न्या. औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते. त्यात सुरुवातीचे काही तास माणूस ठीक वाटतो, नंतर अंधुक दिसू लागते आणि श्वास वाढतो. ‘आता बरा आहे’ म्हणून घरी थांबू नका.

त्वचेचे काय?

रंगकामाला नायट्राइलचे हातमोजे घाला. दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे मोजे थिनरपुढे टिकत नाहीत. हाताला लागलेला रंग थिनरने काढू नका, त्याने त्वचेचे तेल निघून जाते आणि भेगा पडतात. साबण-पाण्याने धुवा, राहिलेला डाग चार दिवसांत जाईल. केसांच्या काळ्या रंगाची ॲलर्जी असलेल्यांना चामड्याच्या काही रंगांचीही होऊ शकते. बोटांच्या बेचक्यात किंवा हाताच्या पाठीवर खाज, पुरळ, पाणी येणे असे झाले तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून नेमके कारण शोधू शकतात.

आणि भेट देण्याआधी एक काम करा. घड्याळाचा पट्टा किंवा कडे रंगवल्यावर पूर्ण वाळू द्या, कोरड्या कपड्याने रंग सुटायचा थांबेपर्यंत घासा, मग वरून फिनिश लावा. नाहीतर घामाबरोबर रंग समोरच्याच्या मनगटावर उतरतो आणि पुरळ त्यांना येते.

रापी किंवा आरी लागली तर

वाहत्या पाण्याखाली जखम धुवा, स्वच्छ कापड ठेवून सलग दहा मिनिटे दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका. हळद, चहापूड भरू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्त वेळ दाबावे लागते. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. आरीची जखम वरून ठिपक्याएवढी पण खोल असते, ती पिकू शकते. मधुमेहींनी ती दुसऱ्या दिवशीही बघावी. धनुर्वाताचे इंजेक्शन दर 10 वर्षांनी घ्यायचे असते. जखम खोल किंवा घाणेरडी असेल आणि शेवटचे इंजेक्शन घेऊन 5 वर्षे झाली असतील, तर पुन्हा घ्यावे लागते.

बोट वाकत नसेल, सरळ होत नसेल, टोकाला बधिर वाटत असेल, तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी दाखवा. आत कंडरा किंवा नस कापलेली असू शकते आणि तिची दुरुस्ती लवकर झाली तर बोट चांगले चालते.

काम करताना डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे किंवा नशा आल्यासारखे वाटणे म्हणजे वाफ जास्त झाली आहे. लगेच मोकळ्या हवेत जा. हाता-पायात मुंग्या, जिना चढताना पाय लटके पडणे, हातातून वस्तू सुटणे असे काही आठवडे चालले असेल तर सोल्यूशनचे काम आजच थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना वापरत असलेल्या प्रत्येक बाटलीच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून घेऊन जा.