एकदा बटण दाबलं की...

24 ऑगस्ट 2014. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आशियातल्या वेगवेगळ्या देशांचे रोबोट उतरले होते. एबीयू रोबोकॉनचा त्या वर्षीचा विषय होता 'पालकत्वाला सलाम'. प्रत्येक संघाचे दोन रोबोट, एक पालक आणि एक मूल. पालकाला विद्यार्थी चालवणार, मूल मात्र स्वयंचलित. पालकाने मुलाला सीसॉवर न्यायचं, झोपाळ्यावर बसवायचं. पण खांबांवरून चालणं आणि जंगल जिमवर चढणं मुलाने स्वतःचं स्वतः करायचं. सगळी कामं झाली की 'शाबास', आणि सामना तिथेच जिंकला. विजेतेपद व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने नेलं.

मी त्या महिन्यात नाशिकमध्ये इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नुकताच लागलो होतो. नंतर यूट्यूबवर ते सामने पाहिले तेव्हा माझं लक्ष रोबोटपेक्षा पोरांच्या हातांकडे जायचं. मूल रोबोट खांबावर डगमगतोय, त्याला बनवणारा मुलगा हातभर अंतरावर उभा आहे आणि त्याने हात पाठीमागे घट्ट धरलेत. कारण नियम सरळ आहे. स्वयंचलित रोबोट एकदा सुरू केला की त्याला कोणी हात लावायचा नाही, बाहेरून इशाराही द्यायचा नाही. अडकला तर पंचांकडे रिट्राय मागायचा, त्याला सुरुवातीच्या जागी आणायचं आणि पुन्हा सोडायचं. घड्याळ मात्र थांबत नाही. सामना तीन मिनिटांचा.

या खेळाचं मूळ जपानमध्ये आहे. टोकियोतल्या एका तंत्रविद्यापीठात मासाहिरो मोरी नावाचे प्राध्यापक होते. रोबोट माणसासारखा दिसता दिसता एका टप्प्यावर भीतिदायक का वाटू लागतो, यावर 1970 साली लिहिणारे ते हेच. त्यांनी 1981 मध्ये वर्गातल्या मुलांची रोबोट स्पर्धा घेतली. 1988 मध्ये एनएचके या जपानी प्रसारण संस्थेने ती टीव्हीवर नेली आणि 2002 मध्ये टोकियोत पहिली एबीयू रोबोकॉन झाली. एबीयू ही आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांची संघटना, त्यामुळे भारतात ही स्पर्धा दूरदर्शनकडे आली. एका पिढीने दूरदर्शनवर महाभारत पाहिलं, आम्ही लाइन फॉलोअर पाहिले.

पुण्याला यजमानपद त्याआधीही एकदा मिळालं होतं, 2008 मध्ये. तेव्हाचा विषय थेट आपल्या गल्लीतला होता, 'गोविंदा'. मटकी, लोणी, उंचावर पोहोचणं, सगळं रोबोटांनी करायचं. त्या काळच्या नियमांमधली एक गोष्ट आज विचित्र वाटते. मॅन्युअल रोबोट चालवायला केबल चालायची, इन्फ्रारेड चालायचं, अगदी आवाजही चालायचा, पण रेडिओ लहरींना बंदी. म्हणून बहुतेक चालक यंत्रामागे केबल धरून पळताना दिसायचे, बैलामागे कासरा धरून पळावं तसे. मला ही बंदी मागासलेली वाटायची. आता वाटतं, तिचा एक मोठा फायदा होता. केबल डोळ्यांना दिसते. ज्याला केबल आहे तो चालवला जातोय, ज्याला नाही तो स्वतः चालतोय. हे गॅलरीतल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायचं.

त्याच 2008 साली अमेरिकेत उलटा प्रयोग चालू होता. डीन केमन यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या 'फर्स्ट' या संस्थेच्या मोठ्या स्पर्धेत 2003 पासून सामन्याची सुरुवातीची काही सेकंदं स्वयंचलित असत. 2008 मध्ये त्यांनी त्या काळाला 'हायब्रिड' म्हटलं आणि प्रत्येक संघातल्या एका विद्यार्थ्याला रोबोटकडे मोजके इशारे पाठवायची मुभा दिली. 2012 मध्ये तर किनेक्ट कॅमेऱ्यापुढे हातवारे करून रोबोटला सांगता येत होतं. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. मदत होणारच असेल तर ती नियमात लिहा, सगळ्यांना सारखी द्या.

पुढे रोबोकॉनमध्येही वायरलेस आलं. केबल गेली, पोरं प्लेस्टेशनचे कंट्रोलर घेऊन उभी राहू लागली. आणि स्वयंचलित रोबोट खरंच एकटा आहे का, हे बघून कळण्याचा मार्ग संपला.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2018 चा विषय व्हिएतनामचा 'नेम कॉन' होता. शेपटीचा चेंडू उंच रिंगमधून फेकायचा खेळ. चेंडू मॅन्युअल रोबोट आणून देणार, फेकणार स्वयंचलित. आमच्या ऑटो बॉटवर एक ब्लूटूथ मॉड्यूल होतं, सेन्सरचे आकडे फोनवर बघायला. प्रत्येक टीमकडे असतं, त्यात गैर काही नाही. कॉलेजमधल्या डेमोच्या दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि पांढरी पट्टी आणि रंगवलेलं प्लायवूड यांतला फरक सेन्सरला कळेना. समोर सर बसलेले, निधी मंजूर व्हायचा बाकी. मागे उभ्या मित्राने फोनवरून एक अक्षर पाठवलं. बॉट हलकेच डावीकडे वळून पट्टीवर आला. टाळ्या वाजल्या. कोड मी लिहिला होता, ते अक्षर ओळखणारी ओळसुद्धा माझीच होती. टेस्टिंगसाठी, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

निधी मिळाला. त्यानंतर दहा-बारा दिवस आम्ही कोणीच त्या पट्टीच्या प्रश्नावर काम केलं नाही. डेमो तर छान झाला होता ना! नियम मोडल्याचं खरं नुकसान मला इथे कळलं. पंचांना फसवणं पुढची गोष्ट, आमचा बॉट आम्हालाच खोटं सांगू लागला होता. तो किती चालतो आणि मित्राचा अंगठा किती चालतो, हे आता आम्हालाही माहीत नव्हतं.

पुण्याला निघण्याच्या आदल्या रात्री मॉड्यूल काढलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यावर अर्धा तास भांडण झालं आणि एक जण जेवला नाही. सेन्सरभोवती काळ्या कार्डशीटचं झाकण लावलं, दोन आकडे बदलले, कोडमधली ती ओळ पुसली. सामन्यात आम्ही दोनदा रिट्राय घेतला. तिसऱ्यांदा बॉट पट्टीवर थांबला, चेंडू घेतला आणि फेकला. पहिल्या रिंगमधून गेला. दुसऱ्या रिंगकडे जाताना तो पुन्हा भरकटला. मी शेजारीच उभा होतो, हात मागे बांधून. शिट्टी वाजेपर्यंत अकरा सेकंद उरले होते आणि ते मी नुसते मोजले.