लग्नाचें ऋण आणि पत्नीची सही

लग्न हा मंगल सोहळा खरा. परंतु इतिहासाच्या दप्तरांत तो हिशेबाचाहि विषय आहे. मराठेशाहींत लग्नावर ‘लग्नटका’ आणि विधवेच्या पुनर्विवाहावर ‘पाटदाम’ नांवाचा कर घेतला जाई. घरांत नवें माणूस आलें, कीं सरकारच्या किंवा सावकाराच्या वहींत एक नवी ओळ पडे. त्या ओळीनें नव्या नवरीवर कोणतें ओझें चढतें, आणि तें चढवितांना तिला कोणी विचारतें काय, हा आजचा विषय आहे.

प्रथम आपल्या शेजारचा डोंगराळ मुलूख पाहूं. जव्हार हें मुकणे घराण्याचें संस्थान. तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याला लागून असलेला मोखाडा पेटा मात्र इंग्रजी अमलाखालच्या ठाणें जिल्ह्यांत होता. १९३६ च्या हुकुमानें तो ‘अंशतः वगळलेला’ प्रदेश ठरला. म्हणजे गव्हर्नरानें फर्माविल्यावांचून कायदेमंडळाचा कायदा तेथें लागू होत नसे. २०१४ पासून हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत आहेत.

ठाणें जिल्ह्याच्या या वारली मुलखांत ‘लग्नगडी’ म्हणून एक वर्ग होता. लग्नाच्या खर्चासाठीं तरुण जमीनदाराकडून पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे. कर्ज काढलें नवऱ्यानें. पण राबावें लागे नवरीलाहि. हिशेब धन्याच्या हातीं आणि ऋणको निरक्षर, त्यामुळें कर्ज सरतच नसे. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सिमिंग्टन यांच्या अहवालानें या भागांतील ऋणदास्य सरकारपुढें मांडलें. १९४५ सालीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं डहाणू-उंबरगांवचे वारली त्याविरुद्ध उठले. वेठबिगार देशभर बंद करणारा कायदा मात्र १९७६ सालीं झाला.

आतां याच प्रश्नाला धरून सातासमुद्रांपलीकडे जाऊं. तेथील प्रकार दास्याचा नव्हे, हें आधींच सांगतों. पण लग्नानें येणारी जबाबदारी तेथेंहि आहे. १९९० च्या कायद्यानें अमेरिकेंत ‘एच-१बी’ व्हिसा निघाला. त्यावर नोकरी करणारा मराठी तरुण लग्नानंतर पत्नीला ‘एच-४’ व्हिसावर नेतो, आणि लवकरच आयकराचें विवरणपत्र पुढें येतें.

१९४८ सालीं अमेरिकेनें पतिपत्नींचें उत्पन्न एकत्र करून, जणूं निम्मेंनिम्में वाटलें आहे असें समजून, कर आकारण्याची सवलत दिली. एकच जण मिळविता असेल, तर कर बराच कमी होतो. परंतु दोघांपैकीं एक जण वर्षांत केव्हांहि अनिवासी परदेशी असेल, तर ही सवलत मिळत नसे. वर्षाच्या मध्यें आलेली नवरी तेथेंच अडे. १९७६ च्या कायद्यानें वाट काढली: वर्षअखेर एक जण करापुरता निवासी असला, तर दोघांनीं सहीचें निवेदन जोडून दोघांनाहि वर्षभर निवासी मानून घ्यावें. पत्नीपाशीं सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल, तर १९९६ पासून करदात्याचा वेगळा क्रमांक मिळतो; त्याचा अर्ज विवरणपत्रासोबत जातो.

या सवलतीची किंमत आहे. दोघांचें जगभरचें उत्पन्न दाखवावें लागतें. पुण्याच्या बँकेंतील पत्नीच्या ठेवीचें व्याजहि त्यांत आलें. भारतांत भरलेल्या कराची वजावट मागतां येते. शिवाय पतीनें कांहीं उत्पन्न लपविलें, तर सारी बाकी एकट्या पत्नीकडूनहि वसूल होऊं शकते, घटस्फोटानंतरसुद्धां. निर्दोष जोडीदाराला १९७१ पासून सुटका मिळूं लागली व १९९८ सालीं ती रुंदावली. पण ती मागावी लागते. आणि निवासी मानून घेण्याची निवड एकदां मोडली, तर त्याच जोडप्याला ती पुन्हां करतां येत नाहीं.

आपल्या १९२२ च्या व १९६१ च्या आयकर कायद्यांनीं पतिपत्नींना स्वतंत्र करदाते मानलें. म्हणून इकडून गेलेल्या मुलीला एका सहीचा एवढा अर्थ सहसा ठाऊक नसतो. लग्नगड्याच्या बायकोला कोणी विचारलेंच नव्हतें. येथें कायदा निवेदनावर आणि विवरणपत्रावर, अशी दोनदां तिची सही मागतो. तेव्हां तिनें पतीच्या पगाराचे कागद वाचावे, स्वतःच्या ठेवी सांगाव्या, वेगळें विवरणपत्र भरल्यास किती कर जास्त पडेल तेंहि पाहावें, आणि सही केलीच तर एक प्रत आपल्यापाशीं ठेवावी.