यहुदी स्तोत्रगायन: मांतुआ आणि मुंबई

जळगावच्या रथोत्सवास जमणाऱ्या भाविकांना, किंवा धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनीं जमविलेलीं रामदासी बाडें चाळणाऱ्या अभ्यासकांना, साकी, दिंडी, आर्या हे शब्द परके नाहींत. याच साकी-दिंडींत अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांचींहि आख्यानें रंगलीं आहेत, हें मात्र अनेकांच्या कानीं गेलें नसेल.

इ. स. १८८० मध्यें मुंबईंतील बेने इस्राएल समाजाच्या बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृति गृहस्थांनीं कीर्तनाचा उपक्रम आरंभिला. कोंकणांत तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारीं ते बंद ठेवणारा, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविला जाणारा हा समाज. त्याची मातृभाषा मराठी. शमुएल दिवेकर यांनीं १७९६ मध्यें मुंबईंत सभास्थान बांधलें खरें. पण तेथील हिब्रू प्रार्थनांचा अर्थ पुष्कळांस उमगत नसे. धर्मकथा घरच्या भाषेंत, घरच्या चालींवर कळावी, एवढ्यासाठीं हरिदासांचा थाट उचलला गेला. शेजाऱ्याची रीत घेतल्यानें धर्मास बाध येतो काय?

हाच प्रश्न पावणेतीनशें वर्षांपूर्वीं इटलींत चुरशीनें लढविला गेला होता. मांतुआच्या गोंझागा दरबारीं सालोमोने रॉस्सी हा यहुदी वादक व रचनाकार होता. यहुद्यांवर सक्तीची असलेली पिवळी खूण न लावण्याची सवलत त्याला १६०६ मध्यें मिळाली. यावरून त्याचा मान कळतो, आणि इतरांची स्थितीहि. १६२२-२३ मध्यें त्यानें व्हेनिस येथें ३३ हिब्रू रचना छापविल्या. त्या तीन ते आठ गळ्यांनीं गावयाच्या. मराठी कीर्तनांत झिलकरी बुवांचीच ओळ उचलतात. येथें प्रत्येक गळ्याची वाट स्वतंत्र, तरी मेळ सुटत नाहीं. छापखान्यापुढें वेगळाच पेंच पडला. स्वर डावीकडून उजवीकडे वाचावयाचे, हिब्रू शब्द उजवीकडून डावीकडे! अखेर शब्द अखंड ठेवून ते स्वरांखालीं बसविले, आणि कसरत गायकांवर सोपविली.

विरोधकांचें म्हणणें असें, कीं येरुशलेमचें मंदिर भग्न झाल्यापासून हा समाज शोकांत आहे; त्याला असलें गायन शोभत नाहीं. व्हेनिसचे पंडित लेओने मोदेना यांनीं १६०५ मध्येंच फेर्राराच्या गायकवृंदाची बाजू घेतली होती. रॉस्सीच्या ग्रंथासहि त्यांनीं प्रस्तावना जोडली. मंदिरांत लेवी गात होते, तेव्हां ही विद्या मूळची आपलीच, हा त्यांचा युक्तिवाद. तो इतिहासापेक्षां वकिलीचाच अधिक. पण त्यामुळें ग्रंथ तरला.

माणसें तरलीं नाहींत. १६३० मध्यें बादशाही फौजेनें मांतुआ लुटलें, यहुदी वस्ती उठविली, आणि रॉस्सीचा मागमूस राहिला नाहीं. त्याच्या रचना १८७० नंतरच्या दशकांत पॅरिसचे सभास्थान-गायक सामुएल नौमबूर्ग यांनीं पुनः प्रसिद्ध केल्या. थोड्याच अवधींत मुंबईंत अष्टमकरांच्या मंडळीचे टाळ वाजूं लागले. पुढें १९४८ नंतर इस्राएलला गेलेल्या कुटुंबांबरोबर तीं मराठी पदेंहि गेलीं, आणि तेथें तीं गाण्यांत पुढाकार स्त्रियांनीं घेतला.