स्वल्पविरामाचे मास्तर

मराठी गद्याच्या इतिहासात ज्या शिक्षकाच्या शिष्यांची गणती होऊ शकत नाही, तो शिक्षक मराठी नव्हता. थॉमस कँडी (१८०४–१८७७) हे मूळचे ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातले अधिकारी. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामी थॉमस आणि त्यांचे जुळे बंधू जॉर्ज, दोघेही होते. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश थॉमस यांनीच तडीस नेला. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि पुढे सरकारच्या मराठी भाषांतरकाराचे पदही. शाळाखात्याच्या पुस्तकांना त्यांच्या नजरेखालून जावे लागे, आणि ती नजर कडक होती. शास्त्रीमंडळींनी लिहावे व साहेबाने तपासावे, हा क्रम आज विचित्र वाटतो; त्या काळी तो नित्याचा होता.

परंतु कँडींचा खरा धडा व्याकरणाचा नव्हे, विरामाचा आहे. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे छोटेसे पुस्तक १८५० चे. इंग्रजी चिन्हे छापखान्याबरोबर इकडे येऊ लागली होतीच. त्यांना मराठीत शास्त्र म्हणून बसवण्याचे काम या पुस्तकाने केले.

त्यापूर्वी काय होते, हे मोडी कागद पाहिलेल्यांना सांगायला नको. आधी शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे. शब्द तुटत नाहीत, वाक्य कुठे संपते हे अक्षर सांगत नाही. पोथ्यांत दंड असे, तोही मुख्यत्वे पद्यापुरता. याला गैरसोय म्हणणे ही आपली आजची दृष्टी. ते लेखन मुळात डोळ्यांसाठी नव्हतेच. कारकून पत्र वाचून दाखवी, पुराणिक पोथी सांगे. थांबायचे कुठे हे वाचणाऱ्याचा श्वास आणि ऐकणाऱ्याची मान ठरवी. अर्थ लावण्याचा निम्मा अधिकार वाचणाऱ्याच्या कंठात होता.

स्वल्पविरामाने तो अधिकार लेखकाकडे नेला. एकटा, मुक्याने वाचणारा वाचक मराठीत निर्माण व्हायला शाळा आणि छापखाना ही कारणे आहेतच, पण त्याला हाताशी धरून चालवले ते या चिन्हांनी. शिवाय अर्धविराम मिळाल्यावर वाक्याला अंगे फुटू लागली. पोटवाक्यात पोटवाक्य, मध्येच कंस, मग पुन्हा मूळ मुद्दा, अशी लांबलचक रचना चिन्हांवाचून कागदावर पेलणे कठीणच.

याची गंमत चिपळूणकर पितापुत्रांत दिसते. कृष्णशास्त्री त्याच पुण्याच्या पाठशाळेत घडले. विष्णुशास्त्र्यांचा जन्म १८५० चा, म्हणजे विरामचिन्हांच्या पुस्तकाच्याच वर्षीचा. त्यांचे शालेय वय कँडींच्या देखरेखीच्या काळातले. १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' काढली आणि सरकारी छायेत वाढलेल्या, इंग्रजी वळणाच्या मराठीवर कोरडे ओढले. तक्रार रास्त होती. पण ते कोरडे ज्या वाक्यांतून ओढले त्यांची बांधणी पाहावी. अर्धविरामांवर तोललेली, उपरोधासाठी उद्गारचिन्ह हाताशी ठेवणारी ती वाक्ये जुन्या बखरकाराला लिहिता आली नसती. गुरूवर रागावलेल्या शिष्याने गुरूचीच छडी उचलावी, असा हा प्रकार. विष्णुशास्त्र्यांचे मोठेपण त्याने उणावत नाही, असे मला वाटते; मात्र 'मालेचे' गद्य शुद्ध देशी म्हणून शिकवताना आपण जरा अडखळायला हवे.

कँडींवरचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागेल. पुणेरी शास्त्र्यांची मराठी हेच प्रमाण धरून ती साहेबी काटेकोरपणाने आखल्यावर, त्या आखणीबाहेरच्या बोलींना शाळेच्या पुस्तकात जागा उरली नाही. हे एकट्या कँडींनी केले नाही. पण लाल शाई त्यांच्या हाती होती.

त्या शाईची पोच मात्र मागल्या काळापर्यंत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बखरी छापल्या जाऊ लागल्या. आज 'भाऊसाहेबांची बखर' आपण वर्गात वाचतो ती छापील. तिच्यातला प्रत्येक स्वल्पविराम कुणा संपादकाने घातलेला असतो, आणि त्या स्वल्पविरामापाशी थांबून आपण विद्यार्थ्यांना बखरकाराची शैली समजावून देतो. मोडी वाचू शकणाऱ्याने मूळ हस्तलिखिताचे एखादे पान त्यांच्यापुढे मोठ्याने वाचावे. दोघांनी वाचले तर ते दोन ठिकाणी थांबतील.