इंजिनाचा उच्छ्वास

१९५०च्या दशकातल्या अमेरिकन महामार्गांचे कृष्णधवल फोटो पाहिले, तर बऱ्याच ठिकाणी लेनच्या मधोमध एक काळा पट्टा दिसतो. चाकं जिथून जातात तो भाग त्यामानाने स्वच्छ, आणि जिथे चाक कधी टेकत नाही तिथे काळं. तो टायरचा ठसा नाही, तेल आहे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनातून एक लोखंडी नळी खाली रस्त्याच्या दिशेने सोडलेली असे. तिचं तोंड तिरकं कापलेलं. गाडी वेगात असली की खालून जाणारा वारा त्या तोंडाशी हवेचा दाब कमी करायचा आणि इंजिनाच्या पोटातली वाफ, धूर, तेलाचे तुषार बाहेर ओढून रस्त्यावर सोडायचा. हिला रोड ड्राफ्ट ट्यूब म्हणत. काही दशकं गाड्यांची इंजिनं अशीच उच्छ्वास टाकत होती.

इंजिनाला हा उच्छ्वास का लागतो? सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडाला की पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवती रिंगा असतात, पण रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांना चकवून खाली उतरतोच. खाली म्हणजे क्रँककेसमध्ये, जिथे तेल असतं. या निसटलेल्या वायूला इंग्रजीत ब्लो-बाय म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये त्याचं नाव ‘बॅक कॉम्प्रेशन’. मेकॅनिक चालू इंजिनाचं तेलाचं झाकण उघडतो, तिथे तळहात धरतो आणि ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ असा निकाल देतो, तो याच वायूबद्दल. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्लं असतात. त्याला वाट दिली नाही तर तेलाचा काळा गाळ होतो आणि आतला दाब वाढून सीलमधून तेल झिरपायला लागतं.

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत गेल्या वर्षी नेमकं हेच झालं. एका गॅरेजने ‘रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल’ असं सांगितलं. इंजिन खोलण्याआधी वायू बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे का ते पाहावं, एवढाच विचार करून मी रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. टॅपेट कव्हरवर रबरी बुचात खोचलेला, अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह असतो. त्याच्यापासून एक नळी इनटेक मॅनिफोल्डला जाते. दुसरी नळी एअर फिल्टरच्या बाजूने ताजी हवा आत आणते. व्हॉल्व्ह उपसून कानाशी हलवला तर आतली दांडी खुळखुळायला हवी. माझा मुका होता, गाळाने घट्ट बसलेला. नवा व्हॉल्व्ह, नवं बूच आणि दोन्ही नळ्या मिळून खर्च काही शे रुपये, वेळ अर्धा तास. नळ्या बदलायच्याच, कारण तेलाने फुगलेलं रबर पुन्हा घट्ट बसत नाही आणि तिथून चोरून हवा शिरली की इंजिन आयडलला थरथरतं. तेल झिरपणं थांबलं.

पण माझ्या डोक्यात राहिला तो व्हॉल्व्ह. एक स्प्रिंग आणि एक दांडी. इंजिन आयडलला असताना मॅनिफोल्डमधलं निर्वात जोरदार असतं, ते दांडीला ओढून वाट अरुंद करतं. रस्त्याला लागल्यावर निर्वात कमी होतं, स्प्रिंग दांडी मागे ढकलते आणि वाट रुंद होते. कधी इंजिनाने उलटा फटका मारला तर दांडी वाट बंद करते, म्हणजे भडका क्रँककेसपर्यंत पोचत नाही. बाहेर जाणारा वायू पुन्हा सिलिंडरमध्ये जाऊन जळतो. सेन्सर नाही, वायर नाही. हे १९६०च्या आधी का नव्हतं?

होतं, हे त्याचं उत्तर आहे. दुसऱ्या महायुद्धात खोल पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांना खाली सोडलेली उघडी नळी चालणार नव्हती, तिच्यातून पाणी इंजिनात शिरलं असतं. म्हणून लष्करी वाहनांत क्रँककेसचा वायू इनटेककडे वळवण्याची पद्धत वापरली गेली. युद्ध संपलं आणि नागरी गाड्या पुन्हा उघड्या नळीवरच राहिल्या.

दरम्यान लॉस एंजेलिसचे डोळे चुरचुरायला लागले होते. २६ जुलै १९४३ला शहरावर इतकं दाट धुरकं उतरलं की जपानने विषारी वायू सोडला अशी शंका लोकांना आली. आधी दोष गेला शहरातल्या कृत्रिम रबराच्या कच्च्या मालाच्या एका कारखान्यावर. तो बंद ठेवून पाहिला, धुरकं हटेना. मग घरोघरच्या परसातल्या कचरा जाळायच्या भट्ट्यांवर बोट गेलं. खरं कारण शोधलं ते कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने. तोवर हा माणूस अननसाच्या वासाची रसायनं वेगळी करत होता. तेच तंत्र त्याने पॅसाडेनाच्या हवेवर वापरलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं की न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. ओझोन किती आहे हे तो रबराला किती वेळात भेगा पडतात यावरून पाहायचा. आणि हायड्रोकार्बन येत होते तेलशुद्धीकरण कारखान्यांतून आणि गाड्यांतून.

तेल कंपन्यांच्या संघटनेने पैसे पुरवलेल्या संशोधकांनी त्याला खोडून काढायचा प्रयत्न केला. मोटार कंपन्यांची तऱ्हा जरा वेगळी होती. लॉस एंजेलिस काउंटीचे एक निवडून आलेले सुपरवायझर, केनेथ हान, यांनी १९५३पासून डेट्रॉइटच्या कंपन्यांच्या अध्यक्षांना पत्रं लिहायला सुरुवात केली. तुमच्या गाड्यांमुळे आमची हवा बिघडते आहे, तुम्ही काय करताय? फोर्डकडून आलेल्या उत्तराचा आशय असा, की गाडीतून निघणाऱ्या वाफा हवेत लगेच विरून जातात, त्यांनी प्रदूषणाचा प्रश्न निर्माण होत नाही. हान यांनी पत्रं लिहिणं सोडलं नाही, पुढची बरीच वर्षं लिहीत राहिले.

१९५५मध्ये मोटार कंपन्यांनी आपल्या संघटनेमार्फत एक करार केला. प्रदूषण कमी करणारं तंत्र कुणीही शोधलं तरी पेटंट सगळ्यांना मोफत वापरता येईल. वाचायला किती छान वाटतं. पण त्यामुळे पहिलं येण्यात कुणाचाच फायदा उरला नाही. शोधणाऱ्याला आघाडी नाही आणि न शोधणाऱ्याला तोटा नाही.

१९५९मध्ये उद्योगाच्याच अभियंत्यांनी मोजून पाहिलं तेव्हा ती रस्त्याकडे पाहणारी नळी किरकोळ नाही हे कळलं. गाडीतून बाहेर पडणाऱ्या एकूण हायड्रोकार्बनपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या क्रँककेसमधून येत होता. सायलेन्सरवर उपाय कठीण होता. हा पाचवा हिस्सा मात्र एका स्प्रिंगने थांबणार होता. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या १९६१च्या मॉडेलांना कंपन्यांनी ‘स्वेच्छेने’ तो व्हॉल्व्ह बसवला. बाकीच्या देशाला तो मिळाला १९६३च्या मॉडेलपासून.

मधल्या वर्षांचं काय? हाच प्रश्न अमेरिकी न्याय विभागाने जानेवारी १९६९मध्ये भरलेल्या खटल्यात आहे. प्रतिवादी होते जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर, अमेरिकन मोटर्स आणि त्यांची संघटना. प्रदूषण रोखणाऱ्या उपकरणांचं काम एकमेकांत ठरवून लांबवलं असा आरोप होता, आणि त्यातलं एक कलम थेट या व्हॉल्व्हबद्दल होतं. तो १९६२च्या मॉडेलांना देशभर बसवता आला असता, काही कंपन्या तयारही होत्या, पण १९६१मध्ये सगळ्यांनी मिळून १९६३पर्यंत थांबायचं ठरवलं, असं ते कलम म्हणतं. आमच्या धंद्यात ‘फीचर तयार आहे, रिलीज थांबवलंय’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. तिथे निदान कुणाच्या फुप्फुसात काही जात नसतं.

खटला चाललाच नाही. त्याच वर्षी तडजोड झाली. कंपन्यांनी दोष मान्य केला नाही आणि असं पुन्हा करणार नाही एवढं लिहून दिलं. हान आणि राल्फ नेडर यांनी या तडजोडीला विरोध केला, तो टिकला नाही. १९७१मध्ये फिलिप बर्टन या खासदाराने न्याय विभागातलं गोपनीय टिपण काँग्रेसच्या कामकाजात छापून घेतलं, म्हणून आतला तपशील थोडाफार बाहेर आला.

कंपन्यांचा एक आक्षेप मात्र मला पूर्ण खोटा वाटत नाही. व्हॉल्व्ह गाळाने तुंबेल आणि मालक तो साफ करणार नाहीत, असं ते म्हणत. सुरुवातीचे व्हॉल्व्ह तुंबतही. कॅलिफोर्नियाने जुन्या गाड्यांनाही ही यंत्रणा बसवायची सक्ती केली तेव्हा गाडीमालकांनीच आरडाओरडा केला आणि ती सक्ती सैल करावी लागली. शिवाय पहिली यंत्रणा अर्धीच होती. तेलाच्या झाकणाला भोकं होती आणि चढावर इंजिनाला ताण पडला की जास्तीचा वायू तिथून बाहेर निसटायचा. ते तोंड एअर फिल्टरला जोडून क्रँककेस पूर्ण बंद करण्याचा नियम अमेरिकेत देशभर लागू झाला तो १९६८च्या मॉडेलांपासून.

आज आपल्याकडेही नवीन मॉडेलला मान्यता मिळताना क्रँककेसमधून काही बाहेर येता कामा नये अशी अट असते. नंतर गाडी जुनी होते, रिंगा झिजतात, नळीतून तेल येऊन एअर फिल्टर ओला व्हायला लागतो. मग कुणीतरी उपाय सांगतं: नळी काढून खाली सोडून द्या. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत. फिल्टर कोरडा राहतो, मालक खूश असतो, आणि वाकून पाहिलं तर ती नळी रस्त्याकडे तोंड करून लोंबत असते. पीयूसी केंद्रावर तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये जाते, आकडे छापून येतात, प्रमाणपत्राचा कागद मिळतो. बॉनेट कुणी उघडत नाही.