रोगणाचा जमाखर्च

मोटारीच्या अंगकांतीसाठी किती द्रव्य आणि किती श्रम वेचावे, हा प्रश्न दारात चारचाकी उभी असलेल्या प्रत्येक गृहस्थापुढे केव्हा ना केव्हा येतोच. आणि काही शे रुपयांच्या धुलाईपासून तो लाखाच्या घरात जाणाऱ्या पारदर्शक आवरणापर्यंत पसरलेला आजचा बाजार पाहिला म्हणजे हा प्रश्न अलीकडच्या चैनीतून उपजला असावा, असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुतः तो मोटारीहूनही जुना आहे. वाहन जितके जाण्यायेण्याचे तितकेच मिरवण्याचे, ही जाणीव माणसाला झाली त्या दिवसापासून वाहनाच्या खर्चाच्या दोन बाबी पडल्या, एक चालण्याची आणि दुसरी दिसण्याची. आणि या दुसऱ्या बाबीचा आकडा कोणी ठरवावयाचा व त्याचे कष्ट कोणी उपसावयाचे, हे काळाप्रमाणे बदलत गेले.

मराठी राज्यात तो आकडा बहुधा सरकारदरबारी ठरत असे. शिवकालीन बारा महालांच्या यादीत पालखी आणि बहिली ही स्वतंत्र खाती आढळतात. पेशवाईत एखाद्या सरदारास वा मुत्सद्द्यास पालखीचा मान मिळाला म्हणजे तिच्या खर्चासाठी निराळी नेमणूक होई, आणि भोयांपासून झालरीपर्यंतचा इतमाम राखणे हे त्या मानाचेच अंग समजले जाई. आपल्या पालखीवर किती पैसा घालावा, ही विवंचना त्या मानकऱ्यापेक्षा फडावरच्या कारकुनास अधिक असावी.

इंग्रजी अमदानीत पालखी मागे पडून बग्गी आणि पुढे व्हिक्टोरिया आली, तेव्हा या खर्चाला रासायनिक स्वरूप प्राप्त झाले. लाकडी बग्गीचा रंग हा नुसता शृंगार नव्हता. ऊनपाण्यापासून लाकूड राखणारे तेच एक कवच होते. सफेत्याचे आणि जवसाच्या तेलाचे थरावर थर द्यावे, प्रत्येक थर वाळू द्यावा, सच्छिद्र दगडाने पाण्यासह घासून सपाट करावा, मग रंग, आणि त्यावर रोगणाचे अनेक हात, असा तो क्रम असे. आणि रोगण वाळेपर्यंत हवेत धूळ उडू नये म्हणून जमीन ओली ठेवून दारेखिडक्या लावून घ्याव्या लागत. उत्तम बग्गी रंगशाळेतून बाहेर पडण्यास कित्येक आठवडे लागत, ते यामुळे. या रोगणाचा प्राण म्हणजे कोपल नावाची राळ, आणि तिच्यात सर्वश्रेष्ठ मानली जाणारी जात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, शतकानुशतके मातीत पुरलेली, खणून काढावी लागे. झांजिबारच्या पेठेत कच्छी भाटिया आणि खोजा व्यापाऱ्यांचे वर्चस्व असल्यामुळे या मालाचा काही भाग मुंबई बंदरातून विलायतेकडे जाई, इतका की लंडनच्या बाजारात त्या राळेस मुंबईचे नाव चिकटले होते. लंडनच्या एखाद्या उमरावाच्या बग्गीवर जी झळाळी दिसे, तिच्यात आमच्या गोदीतल्या हमालांच्या घामाचाही अंश असे, हे त्या उमरावाच्या स्वप्नीही आले नसेल.

इतक्या खटाटोपाने चढवलेले रोगण टिके मात्र थोडे. वर्षा-दोन वर्षांनी ते पुन्हा द्यावे लागे, आणि मधल्या काळात त्याची निगा हा एक शास्त्रशुद्ध उद्योग होता. चिखल वाळण्यापूर्वी धुवावा, कारण वाळलेला चिखल रोगणावर डाग पाडतो. उन्हात धुवू नये. भरपूर थंड पाणी वरून सोडावे, फडका घासू नये. आणि शेवटी मऊ कमावलेल्या कातड्याने टिपून घ्यावे. बग्गीखाना तबेल्याला लागून नसावा, असेही जाणकार बजावीत, कारण घोड्यांच्या मुतारीतून उठणारा उग्र वायू रोगणाची कांती मारतो. ही सारी मेहनत मोतद्दाराच्या वाट्याची. मालकाने फक्त दर्पणाप्रमाणे लखलखणाऱ्या दारात स्वतःचे पागोटे न्याहाळून आत बसावे! आज दीडदोनशे वर्षांनी, मोटारीच्या निगेविषयी जे खरोखर उपयुक्त सांगितले जाते, त्यात तबेल्याचे कलम वगळता या जुन्या नियमांत फारशी भर पडलेली नाही.

पहिल्या मोटारी या बग्गीच्याच कारागिरांनी रंगवल्या, आणि म्हणून पहिली अडचणही तीच झाली. यंत्र तासांत जुळे आणि रंग आठवडे खाई. हेन्री फोर्डने १९०८ साली आपली प्रसिद्ध ‘टी’ गाडी आणली, आणि १९१४ ते १९२५ पर्यंत ती केवळ काळ्या रंगातच विकली, त्यामागे रंगासक्तीचा अभाव नसून भट्टीत भाजून लवकर वाळणारे काळे डांबरी रोगण स्वस्त आणि टिकाऊ होते, हा रोकडा हिशेब होता. खरी क्रांती १९२३ मध्ये झाली. महायुद्धासाठी स्फोटक कापसाचे प्रचंड उत्पादन करून बसलेल्या ड्यू पाँ कंपनीने त्याच जातीच्या द्रव्यापासून ‘ड्यूको’ नावाचे शीघ्र वाळणारे रोगण तयार केले, आणि जनरल मोटर्सची निळी ‘ओकलंड’ ते लेवून बाजारात आली. आठवड्यांचे काम तासांवर आले; फोर्डलाही १९२६ मध्ये पुन्हा रंग आणणे भाग पडले.

इतिहासकार येथे थांबून टाळ्या वाजवतात. आमच्या मते पुढचीच गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे नवे रोगण फवारल्यावर निस्तेज दिसे. ते घासूनच उजळावे लागे, आणि उन्हात काही काळ राहिले की त्यावर खडूसारखी भुकटी धरे. म्हणजे जे श्रम पूर्वी रंगशाळेतील कारागीर आठवडेच्या आठवडे करी, त्यांतील एक हिस्सा कारखानदाराने कौशल्याने आपल्या अंगावरून झटकून गाडी घेणाऱ्याच्या रविवारावर टाकला. अमेरिकेत घासण्याची खळ आणि मेणाचे डबे विकणारा मोठा व्यापार याच काळात फोफावला. त्या मेणात मानाचे स्थान ब्राझीलच्या ईशान्य भागातील कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांवरून झाडून काढलेल्या मेणाला होते. मधमाशीचे मेण चौसष्ट अंशांच्या आत वितळते, तर हे ऐंशीच्या पुढे जाते, आणि तापलेल्या पत्र्यावर टिकण्यास तोच गुण आवश्यक.

मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट गाड्या निघू लागल्या, ज्यांना १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. परवान्यांच्या त्या जमान्यात गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे तिष्ठत बसावे लागे. आलेली गाडी पंधरा-वीस वर्षे चालवावयाची आणि नंतरही चांगल्या किमतीला विकावयाची, हे गृहीतच होते. अशा स्थितीत दर रविवारी बादली घेऊन गाडीशी झटणारा मध्यमवर्गीय गृहस्थ आपल्याला वाटतो तितका हौशी नव्हता. दुसरी गाडी मिळण्याचीच मारामार असताना, असलेली जपणे हा शुद्ध व्यवहार होता, आणि त्याचा मोबदला विक्रीच्या दिवशी रोख मिळे.

त्या गाड्यांचा रंग एकाच जातीच्या थराचा, म्हणजे वर्ण आणि तुकतुकी एकाच द्रव्यात मिसळलेली. चारपाच उन्हाळे खाल्लेल्या लाल गाडीच्या टपावरून बोट फिरवले तर बोटाला गुलाबी भुकटी लागे. गॅरेजवाला चिंधीवर कंपाउंड घेऊन गोल गोल घासू लागला की टपावर ओल्या, गडद रंगाचे एक वर्तुळ उमटे, आणि चिंधी पाहावी तर तीही लालच. आपण गाडी उजळवीत आहो की खरवडीत आहो, हे त्या चिंधीवर लख्ख दिसे. दोनचारदा असे झाल्यावर कडांवरून खालचा करडा थर डोकावू लागे आणि मालक आपण होऊन हात आवरी. हा खर्चाला आपोआप बसणारा लगाम होता.

टॅक्सीवाल्याचा हिशेब याहून सरळ. गाडी पासिंगला न्यावयाची म्हणजे पत्र्याची ठोकाठोक, लांबी भरणे, आणि वर काळापिवळा रंग. एरवी चकाकीवर दमडी नाही. त्याच्या गाडीच्या सौंदर्याचे वेळापत्रक परिवहन खात्याच्या दप्तरातून निघे, आणि त्या खर्चाचे त्यास ना कौतुक असे ना कुरकुर. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. व्हिक्टोरियांना उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच बेकायदा ठरवले होते.

येथून पुढे या इतिहासाला चमत्कारिक वळण लागते. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात जगभरच्या कारखान्यांनी रंग आणि तुकतुकी वेगळी केली. खाली रंगाचा पातळ थर आणि वर पारदर्शक लेप. आपल्याकडेही आता हीच पद्धत रुळली आहे. हा लेप ऊन सोसतो, त्याला भुकटी धरत नाही. पाणी, सावली आणि वर्षातून एखाददोन वेळा मेणाचा हात एवढ्यावर तो वर्षानुवर्षे सुखाने राहतो. म्हणजे शंभर वर्षांत प्रथमच घासण्याची खरी गरज जवळजवळ संपली; आणि नेमक्या त्याच काळात घासण्याचा धंदा शतपटीने वाढला! गरज होती तेव्हा खर्चाला सीमा होती. गरज सरली तेव्हा ती सीमाही गेली, आणि शेजाऱ्याची गाडी एवढेच एक प्रमाण उरले.

त्यात धोका असा की हा लेप सुमारे ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. यंत्राने केलेले प्रत्येक जोरकस पॉलिश त्यातून काही मायक्रॉन कायमचे नेते, आणि लेप पारदर्शक असल्यामुळे फडक्यावर रंग उतरत नाही. जुन्या चिंधीने दिलेली साक्ष येथे मिळत नाही. मुद्दल खाऊन व्याज मिळाल्याचा आनंद मानण्याचा हा प्रकार आहे. लेप अगदी झिजला म्हणजे पापुद्रे सुटू लागतात, आणि मग नव्याने रंगवण्यावाचून गत्यंतर नसते.

सोसायट्यांतून मासिक पगारावर पहाटे गाड्या पुसणारा माणूस हा मोतद्दाराचा आजचा वारस. त्याच्या हाती एक बादली आणि एक फडका असतो. पहिल्या गाडीची धूळ त्या फडक्यात, तीच दुसरीवर, आणि दहाव्या गाडीशी तो येतो तेव्हा बादलीतले पाणी मातकट झालेले असते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक वर्तुळाकार रेघा दिसतात, त्या बहुतांशी या पुसण्यातूनच येतात. दोष त्या गरिबाचा नाही. आपण त्याला पगार देतो, पण दुसरा फडका देत नाही, आणि मग त्या रेघा काढून घेण्यासाठी दुकानदाराला त्याच्या कैक महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम मोजतो.

सिलिकाचे तथाकथित सिरॅमिक लेपन पाणी झटकते आणि धुणे सोपे करते, हे मान्य. परंतु त्याच्या जाहिरातीतील ‘नऊ एच’ हा आकडा पेन्सिलीच्या शिसाच्या काठिण्याचा आहे, हिऱ्यामाणकांच्या नव्हे, हे ग्राहकास क्वचितच सांगितले जाते. पॉलियुरेथेनच्या पारदर्शक पडद्याचे कूळ अधिक प्रतिष्ठित. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवण्यासाठी तो निघाला. उडणाऱ्या खडीपासून तो खरोखर रक्षण करतो. प्रश्न इतकाच, की ज्या गाडीचा प्रवास घर ते कचेरी एवढाच, तिच्यावर कोणती वाळू उडणार?

आणि आमच्या किनाऱ्यावरील गाड्या वरून मरत नाहीत. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस खालून पत्रा खातो. वर आरशासारखे बॉनेट आणि पायाखालच्या गालिच्याच्या आड रस्ता दिसावा एवढे भोक, अशा पद्मिन्या मुंबईने पुष्कळ पाहिल्या. आजचे पत्रे जस्ताच्या आणि विद्युत्प्रक्रियेने चढवलेल्या लेपामुळे अधिक तगतात, तरीही पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाकडे पाहणारे मालक विरळाच. दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालावा, हा आचार आम्हांस मनापासून प्रिय आहे. मात्र बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढून ते आठवडाभर उन्हात राहू देणारांनी पुढे डागाबद्दल रंगाऱ्याशी भांडू नये.

तेव्हा आमचा निवाडा असा. गाडी पाच-सात वर्षांत बदलावयाची असेल, तर धुण्यासाठी दोन स्वच्छ फडके, वर्षातून एखाददोनदा मेण आणि पावसाळ्याआधी तळाची तपासणी, याहून अधिक खर्च विक्रीच्या वेळी परत मिळत नाही, आणि ज्याला तो हौसेने करावयाचा त्याने हौस म्हणून करावा, गुंतवणूक म्हणून नव्हे. पाणीकपातीच्या दिवसांत पालिका पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास मनाई करतात, तेव्हा ओल्या फडक्यावर भागवावे. गाडीचे काही बिघडत नाही. आणि कोणी यंत्राने पॉलिश करण्याचा आग्रह धरला, तर आधी मापकाने रंगाची जाडी जागोजाग मोजून दाखवा, असे वाचकांनी जरूर म्हणावे. जो दुकानदार मोजून देण्यास राजी होणार नाही, त्याच्या हाती किल्ली देऊ नये.