पट्टा, बिल्ला आणि बेवारस

रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी मराठीत तीन विशेषणे रूढ आहेत : भटका, मोकाट आणि बेवारस. पहिले त्याच्या पायांविषयी सांगते, दुसरे त्याच्या गळ्यात दोरी नाही एवढेच नोंदवते. तिसरे मात्र कुत्र्याविषयी काहीच सांगत नाही. ते मालमत्तेच्या हिशेबातून आले आहे. बेवारस जमीन, बेवारस प्रेत, तसाच बेवारस कुत्रा. ज्यावर कुणी हक्क सांगितला नाही ते सरकारच्या हाती जाते. पण हक्क सांगितला नाही, हे ठरवायचे कुणी? मुंबईत हा प्रश्न एकदा दंगलीपर्यंत गेला होता.

ही हकिकत १८३२ सालची. ठरावीक उन्हाळी दिवसांत रस्त्यावरची कुत्री मारण्याची मुभा देणारा नियम मुंबईत १८१३ पासून होता. १८३२ मध्ये पोलीस मॅजिस्ट्रेटने ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. इनामाच्या लोभाने मारेकऱ्यांनी रस्ता आणि उंबरठा यांतला भेद सोडून दिला आणि घरातली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. कुत्र्याला मालक आहे की नाही, याचा निवाडा प्रत्यक्षात आठ आणे मिळणाऱ्या माणसाकडेच होता. अशा निवाड्यात कुत्रा बेवारसच ठरणार, यात नवल ते काय!

६ जून हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटातल्या पारशी वस्तीत सुमारे दोनशे जणांच्या जमावाने कुत्री पकडणाऱ्या शिपायांना गाठून चोप दिला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. बंदात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही उतरले. कुलाब्याच्या गोऱ्या फौजेची रोजची रसद अडली, आणि तिथे मात्र सरकारला या प्रकरणाचे गांभीर्य कळले. दंगलीचा कायदा वाचून दाखवण्यात आला, सैन्य आले, धरपकड झाली. पुढे पारशी शेठियांनी, त्यांत जमशेटजी जीजीभाईही होते, मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असा तोडगा निघाला.

या घटनेचे वर्णन करताना ‘धार्मिक भावना’ हे दोन शब्द लिहून पुढे जाण्याची रीत आहे. ती आम्हांला अपुरी वाटते. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान मोठे आहे, यात शंका नाही. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी म्हणून ‘सगदीद’चा विधी आहे. वेंदिदादमध्ये कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मेंढ्या राखणारा, घर राखणारा अशा त्यांच्या पायऱ्या तिथे लावल्या आहेत आणि कुत्र्याला वाईट अन्न देणेही पाप मानले आहे. पण दुकाने बंद करणारे सगळेच काही सगदीद पाळणारे नव्हते. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट अधिक साधी असावी. आळीतला कुत्रा कुणा एकाचा नव्हता, म्हणून तो कुणाचाच नव्हता असे नाही. वैश्वदेवानंतर श्वानबळी काढून ठेवणाऱ्या घराला, किंवा उरलेली भाकरी ओट्यावरून टाकणाऱ्या बाईला, त्या कुत्र्याचे मालक म्हणवून घेण्याची गरज कधी पडली नव्हती. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ज्या समाजाने जपली, त्याला ‘हा कुत्रा कोणाचा?’ हा सरकारी प्रश्नच परका होता.

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याचे विष ही कल्पित भीती नव्हे. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि पाश्चरची लस यायला १८८५ साल उजाडायचे होते. मॅजिस्ट्रेटच्या हाती तेव्हा सोटा सोडून दुसरे साधन नव्हते.

पुढची पायरी करवसुलीची आणि परवान्याची. १८८८ च्या महापालिका कायद्यात कुत्र्यांवरील कराला जागा मिळाली, आणि परवाना, बिल्ला, पट्टा या मार्गाने कुत्रा नागरी दप्तरात दाखल झाला. इथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. कचेरीतल्या शिपायाला मराठीत ‘पट्टेवाला’ म्हणतात, कारण त्याच्या अंगावर पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला असे. पट्टा म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागदही. शिपाई, जमीन आणि कुत्रा या तिघांनाही सरकारदरबारी एकाच शब्दाने मान्यता मिळाली! ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही, तो आता केवळ मोकाट राहिला नाही. तो कायद्याने मारण्याजोगा झाला. १८३२ मध्ये इनामदार मारेकऱ्याच्या मर्जीवर असलेला निवाडा पितळेच्या तुकड्याकडे गेला, एवढाच फरक. परवान्याने पाळीव कुत्र्याला संरक्षण मिळाले, हे खरे. पण त्याची किंमत आळीतल्या कुत्र्याने मोजली. महापालिकेकडून होणारी ही हत्या विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत चालू होती. १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हत्येऐवजी निर्बीजीकरणाचा मार्ग मान्य केला.

२००१ च्या केंद्रीय नियमांनी कुत्र्यांचे दोनच वर्ग केले : पाळीव आणि रस्त्यावरचे. पहिल्याचा परवाना, लस आणि प्रजनन यांची जबाबदारी मालकावर. दुसऱ्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला होता तिथे सोडायचे. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून कानाला खाच. गळ्यातल्या बिल्ल्याचे काम आता कान करू लागला. २०२३ च्या नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ ही संज्ञा आली आणि ओट्यावरून भाकरी टाकणाऱ्या बाईच्या नात्याला कायद्यात प्रथमच नाव मिळाले, असे आम्ही मानतो. नाव थोडे कचेरीचे आहे, पण ‘बेवारस’पेक्षा बरे.

या नावावरही २०२५ साली ताण आला. दिल्ली परिसरातली सर्व भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची निर्बीजीकरणानंतर मूळ जागी सोडावीत आणि खाऊ घालण्यासाठी प्रत्येक प्रभागात जागा ठरवून द्याव्यात, असे न्यायालयाने सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके येथली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश आला. चावा घेतलेल्या मुलाच्या आईबापांना या आदेशाने हायसे वाटले असेल, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण मुंबईत सर्वांत जास्त हातांनी पोसलेला कुत्रा बहुधा रेल्वे फलाटावरच भेटतो. तिथल्या बिस्किटांच्या पुड्यांवर कुणाचेच नाव लिहिलेले नसते.